बांध फोडला की खाजण परत येतं का? कार्बन, मिथेन आणि गाळाचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: समुद्राकाठची एक सखल जमीन पूर्वी भरतीचं खाजण होती. काही पिढ्यांपूर्वी बांध घालून ती कोरडी केली. काही काळ पिकली, आता पडीक आहे. बांध फोडून भरती आत घेतली तर खाजण परत येईल का? त्यात किती कार्बन साठेल? तेवढ्याच जागेत झाडं लावण्यापेक्षा हे बरं का? आणि पाणथळ जमिनीतून मिथेन निघतो म्हणतात, मग एका हातानं साठवून दुसऱ्या हातानं सोडल्यासारखं नाही का होणार?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. खाजण बहुतेक ठिकाणी परत येतं, पण जुन्यासारखं हुबेहूब नाही आणि घाईनं तर नाहीच. कार्बन साठतो. तरी अशा कामाचा मोठा फायदा बऱ्याचदा नव्यानं साठणाऱ्या कार्बनमध्ये नसतो, जुना साठा हवेत जायचा थांबतो त्यात असतो. मिथेनची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर जवळजवळ पूर्णपणे पाणी किती खारट आहे यावर ठरतं. आणि काय लावायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. पहिला प्रश्न जमिनीच्या उंचीचा.

भरतीचं पाणी नियमित चढतं-उतरतं अशा, खारं पाणी सोसणाऱ्या गवतांनी आणि बुटक्या झुडपांनी झाकलेल्या चिखलाच्या जमिनीला मी इथे खाजण म्हणतो. उष्ण पट्ट्यात हीच जागा बहुधा खारफुटी घेते. बरेचसे नियम दोन्हींना लागू आहेत, पण खाली दिलेले आकडे गवताळ खाजणांचे आहेत.

कार्बन चिखलात टिकतो का, इथून सुरुवात करू. मेलेलं पान किंवा मूळ कुजतं म्हणजे सूक्ष्मजीव ते खातात आणि त्यातला कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत परत जातो. हे काम ऑक्सिजन असताना झपाट्यानं होतं. पण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे चिंब चिखलात काही मिलिमीटर खाली गेलं की तो संपलेला असतो. मग सूक्ष्मजीवांना नायट्रेट, लोह, सल्फेट अशा दुय्यम गोष्टींवर भागवावं लागतं आणि कुजण्याचा वेग मंदावतो. वनस्पतींनी यावर आपला उपाय शोधलेला आहे. त्यांच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून ऑक्सिजन खाली पोचतो आणि मूळ जगतं. हीच मुळं जमिनीखाली भरपूर वाढतात आणि मेल्यावर तिथेच, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात पडून राहतात. वर दिसणारं हिरवं गवत म्हणजे निम्मीच गोष्ट, पुष्कळदा निम्म्याहूनही कमी.

कोरड्या जमिनीत कार्बन वाढत जातो आणि काही दशकांत आवक-जावक सारखी होऊन थांबतो. खाजणाचं तसं होत नाही, कारण खाजण वर चढतं. समुद्राची पातळी वाढली की भरती जास्त वेळा आणि जास्त खोल येते, जास्त गाळ टाकते, मुळंही भर घालतात आणि जमीन पातळीबरोबर उचलली जाते. खालचा थर गाडला जातो, वर नवा बसतो. अमेरिकेच्या कॉड अंतरीपावरच्या (केप कॉड) बार्नस्टेबल खाजणाचा समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी असाच मागोवा घेतला होता. सुमारे ४,००० वर्षं समुद्राबरोबर चढत आलेलं ते खाजण आहे. जंगलात वणवा लागला तर साठा एका दिवसात जातो, खाजणाचा साठा मात्र जमिनीखाली ओला पडून असतो. झाडं की खाजण, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं एवढंच, की खाजणाच्या जागी झाडं नीट वाढत नाहीत आणि झाडांच्या जागी खाजण होत नाही, म्हणून ही तुलना प्रत्यक्षात फारशी कामाची नसते.

आता आकडे. गवताळ खाजणांत दर वर्षी दर चौरस मीटरला सरासरी २०० ग्रॅमपेक्षा थोडा जास्त कार्बन पुरला जातो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि आजही वापरली जाणारी सरासरी २१८ ग्रॅम आहे. म्हणजे हेक्टरी वर्षाला साधारण २ टन कार्बन, किंवा ८ टन कार्बन डायऑक्साइड. एका हेक्टरमागे पाहिलं तर हा वेग जंगलाच्या जमिनीत गाडल्या जाणाऱ्या कार्बनपेक्षा कितीतरी पट जास्त आहे, आणि जाहिरातींत हेच वाक्य फिरत असतं. पण जगात गवताळ खाजणं आहेत किती? उपग्रहांच्या आधारे केलेल्या मोजणीत सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर. वरच्या वेगानं गुणलं तर वर्षाला साधारण ४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड होतो. इंधनं जाळून माणूस वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. म्हणजे जगातली सगळी गवताळ खाजणं मिळून त्यातला एक हजारावा भाग उचलतात. खाजणं हवामान वाचवतील असं कोणी सांगत असेल तर हा भागाकार त्याच्यापुढे ठेवावा.

साठ्याचा आकडा मात्र वेगळंच सांगतो. या खाजणांच्या वरच्या एका मीटर मातीत मिळून सुमारे १४४ कोटी टन कार्बन असल्याचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हेक्टरी साधारण २७० टन. वर्षाला २ टन साठतात आणि खाली २७० टन आधीच आहेत, म्हणजे एक हेक्टर खाजण खोदून कोरडं केलं तर सव्वाशेहून जास्त वर्षांची कमाई पणाला लागते. म्हणून माझा पहिला सल्ला कायम तोच असतो: पैसा एकाच कामापुरता असेल आणि जवळपास एखादं धडधाकट खाजण भरावाखाली जाणार असेल, तर आधी ते वाचवा, बांध फोडण्याचं काम नंतर. १९९९ ते २०१९ या वीस वर्षांत जगभरात सुमारे १३,७०० चौरस किलोमीटर भरतीच्या पाणथळ जागा (चिखलपट्टे, खाजणं, खारफुटी सगळं धरून) गेल्या आणि ९,७०० नव्या झाल्या. निव्वळ तोटा ४,००० चा दिसतो आणि तो तितका भयंकर वाटत नाही. पण गेलेल्या जुन्या खाजणाखाली शतकांचा कार्बन होता आणि नव्या चिखलाखाली अजून फारसं काही नाही. क्षेत्रफळाची वजाबाकी इथे फसवते.

पाणी काढून टाकलेल्या जमिनीचं काय होतं, हे इंग्लंडमधल्या होम फेन इथे डोळ्यांनी दिसतं. १८५० च्या सुमारास, तिथलं पाणी उपसायला सुरुवात झाली तेव्हा, जमिनीत एक खांब पुरला गेला. त्याचं टोक जमिनीच्या पातळीला होतं. आज तो सुमारे ४ मीटर बाहेर आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. काही पाणी निघून दबल्यामुळे, पण बराचसा भाग अक्षरशः हवेत गेल्यामुळे. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन होआकिन नद्यांच्या मुखाकडच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकात बांध घालून शेती सुरू झाली. तिथली काही बेटं आता समुद्रपातळीच्या ७ ते ८ मीटर खाली आहेत आणि दर वर्षी बांधांवरचा दाब वाढतो आहे. या दोन्ही जागा गोड्या किंवा मचूळ (थोड्या खारट) पाण्याच्या, पीट मातीच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या आहेत. खाऱ्या खाजणांची माती जास्त खनिज असते, म्हणून ती इतकी खचत नाही, पण वाट तीच.

तुमच्या जमिनीलाही हे लागू आहे. बांधाच्या आत गाळ येत नाही, बाहेर येतो. आतली माती कुजते आणि दबते, बाहेरचं खाजण समुद्राबरोबर चढतं. काही दशकांनी आत-बाहेर एक मीटर किंवा त्याहून जास्त फरक पडलेला असणं अगदी नेहमीचं आहे. खाजणाची गवतं साधारणपणे मध्य समुद्रपातळीच्या वर, उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीच्या रेषेपर्यंत वाढतात. बऱ्याच ठिकाणी त्यांची खालची हद्द भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीच्या उंचीजवळ असते. जमीन त्याखाली असेल तर बांध फोडल्यावर खाजण मिळणार नाही, चिखलपट्टा मिळेल, फारच खाली असेल तर नुसतं तळं. चिखलपट्टा वाईट असतो असं नाही. पाणपक्ष्यांना तोच हवा असतो. पण मग कार्बनचे आकडे खाजणाचे लावू नयेत.

तेव्हा खर्च करायचा पहिला पैसा मोजणीवर. स्थानिक भरतीच्या नोंदी, जमिनीच्या उंचीचा नकाशा, आणि दोन्ही एकाच संदर्भपातळीवर आणलेले. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण भूमापनाचं शून्य आणि भरतीच्या तक्त्याचं शून्य वेगवेगळं असतं. अर्ध्या मीटरची चूक इथे खाजण आणि तळं यांच्यातला फरक ठरवते. त्यानंतर पाण्यातल्या गाळाची मोजणी. लिटरमागे गाळ भरपूर असेल आणि भरती-ओहोटीचं अंतर मोठं असेल तर खोल जागाही आपोआप भरते. इंग्लंडमधल्या सॉमरसेट इथे स्टिअर्टची जमीन २०१४ मध्ये समुद्राला मोकळी केली. सेव्हर्न नदीच्या मुखाचं गढूळ पाणी आणि जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक, त्यामुळे तिथे गाळ अत्यंत वेगानं बसला. हेच एसेक्समधल्या वॉलेसी बेटावर चाललं नसतं. तिथली जमीन फार खाली गेली होती. म्हणून लंडनखालच्या रेल्वे बोगद्यांतून निघालेली ३० लाख टनांहून जास्त माती आणून आधी जमीन उंचावली आणि मग २०१५ मध्ये बांध फोडला. एवढी माती दर वेळी कुठून मिळणार? म्हणून वॉलेसी हा अपवाद आहे, नमुना नाही.

गाळाची टंचाई काय करते याचं सर्वांत मोठं उदाहरण लुइझियाना. मिसिसिपीचा गाळ बांधांनी आणि वरच्या धरणांनी अडवला, तेल-वायूसाठी कालवे खणले, जमीन मुळात खचणारी, आणि १९३२ पासून तिथली सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्याखाली गेली. नदीचा बांध मुद्दाम फोडून गाळ पुन्हा खाजणात सोडायची मिड-बॅराटारिया नावाची सुमारे ३ अब्ज डॉलरची योजना होती. २०२३ मध्ये काम सुरू झालं आणि २०२५ मध्ये ती रद्द झाली. खर्च हे एक कारण, आणि गोड्या पाण्यानं कालवांचं (ऑयस्टर शिंपल्यांचं) उत्पादन बुडेल हा मच्छीमारांचा विरोध दुसरं. शास्त्र पक्कं असलं तरी काम होतंच असं नाही. खाडीत आज ज्यांचं पोट आहे त्यांना शेवटी नुसती माहिती देऊन चालत नाही, त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्यावं लागतं.

आता मिथेन. वर सल्फेटचा उल्लेख आला तो इथे कामाला येतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. ते वापरणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या तोंडचं अन्न पळवतात, कारण त्याच अन्नातून त्यांना जास्त ऊर्जा मिळते. खाजणात पाय घातला की येणारा सडक्या अंड्यांचा वास हा त्यांच्या कामाचा पुरावा. कामाचा आकडा म्हणून लक्षात ठेवावा असा: क्षारता दर हजारी १८ च्या वर, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर मिथेन बहुतेक वेळा नगण्य असतो. त्याखाली आकडे वाढत जातात आणि फार विखुरतात. दर हजारी अर्धा ते पाच इतक्याच क्षारतेच्या, जवळजवळ गोड्या खाजणांत वर्षाला चौरस मीटरमागे सरासरी १५० ग्रॅम मिथेन मोजला गेला आहे. काही जागांवर त्याच्या दुप्पट, काहींवर अगदी थोडा. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. १५० ला २७ नं गुणलं तर ४,००० ग्रॅमच्या वर जातं, आणि समोर पुरलेला कार्बन धरला तर तो जेमतेम ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणजे मचूळ जागी नवं खाजण करून हवामानासाठी श्रेय मागणं पुष्कळदा टिकत नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढला की गोड्या पाण्याची जुनी दलदल कोरडी करावी, तर तो साफ चुकीचा. मिथेन हवेत बारा-एक वर्षं टिकतो. हजारो वर्षं तेवढाच मिथेन सोडत असलेल्या दलदलीनं हवेतलं प्रमाण आता वाढत नाही, तिचा जुना मिथेन जातो आणि नवा त्याची जागा घेतो. तिच्यात पुरलेला कार्बन मात्र वाढतच असतो. कोरडी केली तर तो सगळा बाहेर. शिवाय गोड्या पाण्याची दलदल पुन्हा भरणंही जमिनीसाठी योग्य असू शकतं. वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या प्रदेशात ट्विचेल बेटावर १९९७ मध्ये थोडी जमीन उथळ पाण्याखाली आणून लव्हाळे आणि पाणकणसं वाढू दिली. जमीन खचायची थांबली आणि वर्षाला सरासरी ४ सेंटिमीटरच्या आसपास वर येऊ लागली. मिथेन तिथे निघतो, पण खालचं पीट कुजून हवेत जायचं थांबलं आणि बांधावरचा भार हलका होऊ लागला. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायचा, एवढंच.

तुमच्या जमिनीबद्दल मला सर्वांत जास्त उत्सुकता कशाची असेल तर ती आज खरंच कोरडी आहे का, याची. बांधाआडच्या कितीतरी जागा अर्धवट ओल्या असतात. उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) नादुरुस्त, पावसाचं पाणी साचलेलं, समुद्राचं पाणी आत नाही. म्हणजे सल्फेट नाही आणि ओल भरपूर. मिथेनसाठी याहून सोयीची जागा नाही. अशा ठिकाणी खारी भरती परत आणली की मिथेन लगेच घटतो आणि तो फायदा चालू राहतो. नवा कार्बन किती साठला याची वाट बघत बसावी लागत नाही. माझ्या मते किनाऱ्यावरच्या पुनरुज्जीवनात हवामानासाठी सर्वांत खात्रीचं काम हेच आहे, आणि ते सर्वांत कमी दिखाऊ असल्यामुळे मागे पडतं. फोटोत काय दाखवणार, एक उघडलेलं दार?

दार उघडतानाही सावकाश. मॅसॅच्युसेट्समधल्या हेरिंग नदीच्या मुखावर १९०९ मध्ये बांध घातला. आतल्या खाजणाची माती कोरडी पडली आणि तिच्यातलं लोहाचं सल्फाइड हवेशी भिडून आम्ल झालं. पाणी इतकं आंबट झालं की मासे मेले. शंभराहून अधिक वर्षांनी ती नदी पुन्हा समुद्राला जोडायचं काम सुरू झालं आहे, आणि दारं टप्प्याटप्प्यानं उघडायची असं ठरलं आहे. कारण खचलेली जमीन एकदम बुडवली तर आतली गोड्या पाण्याची झाडं एकाच वेळी मरतात, नवी यायला उंची पुरत नाही, आणि मातीतून अमोनियम आणि फॉस्फेट भसकन पाण्यात सुटतं. तुमच्या मातीत असं सल्फाइड आहे का हे बांधाला हात लावायच्या आधी तपासून घ्या. चाचणी साधी आहे: माती हवेत ठेवून काही आठवडे तिचा सामू (पीएच) कुठे जातो ते बघायचं.

लागवडीकडे येऊ. जवळ जिवंत खाजण असेल आणि उंची बरोबर असेल तर लागवड बहुतेक वेळा लागत नाही. बी भरतीबरोबर येतं. एसेक्समधल्या टॉल्सबरीत १९९५ मध्ये बांध फोडला, आणि तिथे रोपं येण्याचा क्रम उंचीनं ठरवला. लावायचीच असतील, म्हणजे जवळ बीज नसेल किंवा लाटांमुळे काठ वाहून जात असेल, तर रोपं दूर दूर लावण्याऐवजी झुबक्यांनी एकमेकांजवळ लावा. स्पर्धा टाळायची म्हणून अंतर ठेवण्याची पद्धत शेती-वनीकरणातून आली आहे. खारट, ऑक्सिजन नसलेल्या चिखलात शेजारी शत्रू नसतो, सगळी मुळं मिळून माती धरतात आणि तिला थोडा ऑक्सिजन देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेवढीच रोपं जवळ लावल्यानं वाढ सरासरी दुप्पट झाली. खर्च एक पैसाही जास्त नाही.

लागवडीची खरी शिकवण मात्र स्पार्टिना गवतानं दिली आहे आणि ती महागात पडली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे उंच, झपाट्यानं पसरणारं गवत चीननं १९७९ मध्ये किनारा धरून ठेवायला आणलं. ते ५० हजार हेक्टरांहून जास्त पसरलं. कार्बनच्या तक्त्यात बघाल तर यश: उघड्या चिखलाच्या जागी दाट गवत, वर्षाला जास्त कार्बन. पण तोच उघडा चिखल पीत समुद्राच्या काठानं स्थलांतर करणाऱ्या लाखो पाणपक्ष्यांचं जेवणाचं ताट होता. चमचाचोच्या तुतारीसारख्या नामशेष होत चाललेल्या पक्ष्याचंही. २०२२ मध्ये चीननं हे गवत काढून टाकायची देशव्यापी मोहीम जाहीर केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात तर याहून गुंता झाला. १९७० च्या दशकात हेच गवत पुनरुज्जीवनासाठी लावलं, त्याचा स्थानिक स्पार्टिनाशी संकर झाला आणि संकरित गवत चिखलपट्टे गिळू लागलं. ते मारायला सुरुवात केली तेव्हा लक्षात आलं की धोक्यात असलेला रिजवेचा रेल हा पक्षी दुसरा आसरा नसल्यानं त्यातच घरटी करतो आहे. काही जागांवर मोहीम थांबवावी लागली. आधी स्थानिक गवताचा आसरा उभा करा, मग संकरित काढा, असा क्रम लावणं भाग पडलं. म्हणून कोणी फक्त कार्बनच्या वेगावर रोप निवडायला सांगत असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

बांध फोडताना दोन गोष्टी नेहमी विसरल्या जातात. एक म्हणजे नांगरटीनं आणि दबून तयार झालेला घट्ट थर. पाणी त्यातून खाली उतरत नाही, वर साचतं, आणि मुळं गुदमरतात. दुसरी म्हणजे उपनाले. नैसर्गिक खाजणात नाल्यांचं झाडासारखं जाळं असतं, त्यातून पाणी, गाळ आणि मासे आत जातात आणि ओहोटीला जमीन निथळते. शेतजमीन सपाट असते, सरळ चर असलेली. जुने हवाई फोटो किंवा नकाशे मिळाले तर नाल्यांच्या जुन्या वाटा सापडतात. त्या थोड्या खणून ठेवल्या तर पाणी पुढचं काम स्वतः करतं. थोडे उंचवटे, थोडे खळगे ठेवायला मागेपुढे पाहू नका. सपाट जमिनीवर एकाच जातीचं गवत राज्य करतं.

किती वर्षं? पहिली हिरवळ दोन-तीन हंगामांत दिसू शकते. पहिल्या काही वर्षांत गाळ वेगानं बसतो म्हणून कार्बनही वेगानं वाढल्यासारखा दिसतो. पुढे वेग मंदावतो, तेव्हा सुरुवातीचा वेग पन्नास वर्षांनी गुणून कोणी आकडा दिला तर तो घेऊ नका. जगभरातल्या ६२१ पाणथळ जागांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की शंभर वर्षांनंतरही पुनरुज्जीवित जागांची जैविक रचना सरासरी २६ टक्क्यांनी आणि कार्बन-नायट्रोजन साठवण्यासारखी कामं २३ टक्क्यांनी मूळ जागांच्या मागे होती. मोठ्या, भरतीच्या प्रवाहाशी जोडलेल्या आणि उष्ण हवामानातल्या जागा लवकर सावरतात.

जमीन ठीक असूनही खाजण मरू शकतं. शेतातून आणि सांडपाण्यातून येणारं नायट्रोजन गवताला भरपूर मिळालं की ते वर फोफावतं आणि खाली मुळं कमी धरतं. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लम बेटाच्या खाजणात नऊ वर्षं प्रयोग करून हे दाखवलं गेलं, तिथे नाल्यांचे काठ कोसळू लागले. हिरवंगार दिसणं हे आरोग्याचं लक्षण नाही, कधी उलटंच. खेकड्यांचंही तसंच. कॉड अंतरीपावर मोठे मासे फार पकडले गेले, त्यांनी खाल्ले जाणारे जांभळे खेकडे वाढले आणि त्यांनी काठचं गवत फस्त केलं. कॅलिफोर्नियात एल्कहॉर्न स्लू इथे समुद्री पाणमांजरं परतली, खेकडे कमी झाले आणि काठांची झीज ठळकपणे मंदावली. कार्बनच्या आराखड्यात पाणमांजराचा रकाना नसतो, ही गोष्ट वेगळी.

मोजणीबद्दल दोन शब्द, कारण पुढे कोणी ना कोणी कार्बन-श्रेयाचा (साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात विकता येणाऱ्या कार्बन क्रेडिटचा) प्रस्ताव घेऊन येणारच. जमिनीवर फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजाच्या भुकटीचा पातळ थर पसरून ठेवतात. वर्षा-दोन वर्षांनी छोटा गाभा (मातीचा उभा नमुना) काढला की त्यावर किती गाळ बसला ते कळतं. पण वर गाळ बसत असताना जमीन खालून दबतही असते. म्हणून कठीण थरापर्यंत ठोकलेल्या दांड्याला उपकरण जोडून पृष्ठभागाची खरी उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. दोन्ही एकत्र असतील तरच अर्थ लागतो. जुन्या थरांचं वय शिशाच्या २१० या समस्थानिकावरून आणि अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास उमटलेल्या सिझियमच्या शिखरावरून काढतात. आणि सर्वांत अवघड प्रश्न: सापडलेला कार्बन इथल्याच वनस्पतींनी हवेतून घेतलेला आहे की नदीनं वरून आणलेला? वाहून आलेला कार्बन समुद्रतळाशी तसाही गाडला गेला असता, तर त्याचं श्रेय तुमच्या प्रकल्पाला कसं? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, श्रेयांसाठी वापरल्या जाणाऱ्या भरती-पाणथळ कार्यपद्धतीत हा भाग वजा करावा लागतो. प्रस्तावात ही वजाबाकी दिसत नसेल, किंवा बांध फोडायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचं मोजमाप नसेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. लहान जागेत मोजणीचा खर्च श्रेयाच्या उत्पन्नाहून जास्त होतो, हेही आधीच लक्षात घ्या. लाटा अडणं, माशांची पिल्लं, पक्षी या कारणांनी प्रकल्प परवडत असेल तर करा. केवळ कार्बनवर तो बहुधा उभा राहत नाही.

लाटांचं खरं तर वेगळं उत्तर व्हायला हवं. जर्मनीत हॅनोव्हरच्या प्रचंड लाटा-कुंडात खऱ्या खाजणाचे तुकडे बसवून वादळी लाटा सोडल्या तेव्हा ४० मीटरच्या पट्ट्यात कमी झालेल्या लाटांपैकी सुमारे ६० टक्के घट गवतामुळे होती. इंग्लंडमध्ये मेडमेरीला २०१३ मध्ये बांध मागे घेऊन १८० हेक्टरांच्या वर भरतीची जमीन केली. तिथे हेतू पुराचाच होता, कार्बन नंतर आला.

राहता राहिली समुद्राची चढ. जगाची सरासरी सध्या वर्षाला ४ मिलिमीटरच्या वर गेली आहे. गाळ पुरेसा असेल तर खाजण एवढं सहज सोसतं. जुन्या गाळाच्या नोंदींवरून असं दिसतं की वर्षाला ७ मिलिमीटरच्या आसपास गेलं की बहुतेक खाजणं मागे हटू लागतात. मागे हटायला जागा असेल तर खाजण जमिनीकडे सरकतं. मागे रस्ता किंवा दुसरा पक्का बांध असेल तर समोरून समुद्र आणि मागून भिंत यांच्यात ते संपतं. म्हणून आराखडा करताना तुमच्या सीमेपलीकडची, आजच्या उधाणाच्या रेषेच्या वरची पट्टी कोणाची आहे आणि तिथे काय बांधायचं ठरलंय, हे विचारून घ्या. ती पट्टी आज स्वस्त आणि कोरडी असते, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी तरतूद मी फार क्वचित पाहिली आहे.